मधुकाकांचा स्थानिक बेल

मधुकाकांच्या घरात कुठलीच गोष्ट नुसती होत नसे. तिच्यामागे तत्त्व असे. घरात डिशवॉशर होता, पण तो हातानं घासलेली भांडी निथळायला होता, कारण यंत्रावर विसंबलं की हात विसरतात. गराजमध्ये दोन गाड्यांची जागा होती, तरी गाड्या मिनेसोटाच्या थंडीत बाहेर उभ्या असत, कारण धातूला हवामानाची सवय राहायला हवी. सकाळी त्या सुरू झाल्या नाहीत की काका हुडीची टोपी ओढून बॅटरीपाशी उभे राहत आणि म्हणत, "बघ, सवय होतेय तिला."

मी शिकायला आले होते आणि ईडन प्रेरीत त्यांच्या बेसमेंटमध्ये राहत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील परभणीला शिंपीकाम करतात, आई काजं-बटणं करते. त्यामुळे शिकलेल्या माणसानं ठामपणे काही सांगितलं की मी ते आधी खरं धरते आणि मग विचार करते. मधुकाका सगळंच ठामपणे सांगत. पहिलं वर्षभर माझ्यावर विचार करायची वेळच आली नाही.

तसे ते डेटाबेसमधले. पुण्याहून आले, इथेच एका कंपनीत निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्यांनी वैद्यकी सुरू केली, म्हणजे कोणी विचारलं नव्हतं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत ते मागच्या माणसाची जीभ बघत. त्यांच्या मते रोग मुळात दोनच, उष्णता आणि वात. तिसरा रोग डॉक्टरांनी काढला, बिलासाठी.

त्यांचं सगळंच फसायचं असं म्हटलं तर ते खोटं होईल. पहिल्या हिवाळ्यात माझे हात भेगाळून रक्त यायला लागलं. मी घरी सांगितलं नव्हतं. काकांनी कपाटातून कोकमाच्या तेलाचा गोळा काढला, वितळवला आणि म्हणाले, "रात्री लाव, मोजे घाल हातात." चार दिवसांत भेगा मिटल्या. मी त्यांच्या पाया पडले. माझ्या मते काकांच्या पुढच्या आत्मविश्वासात माझ्या त्या नमस्काराचा थोडा वाटा असावा, पण शैलाकाकू म्हणतात की तो आधीपासून पुरेसा होता.

शैलाकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. रत्नागिरीकडच्या. बोलणं कमी, पण जे बोलत ते नेमकं लागायचं. एकदा काकांनी डास घालवायला डेकवरच्या ग्रिलमध्ये पोतंभर वाळलेला कडुलिंब पेटवला. धूर बघून शेजारचा बॉब पाण्याचा पाइप घेऊन कुंपणापाशी आला. काका त्याला कुंपणावरून कडुलिंबाचं शास्त्र सांगू लागले. बॉबनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग पाणी मारलं. काकू आतून म्हणाल्या, "डास हसून हसून मेले असतील तर बघा."

त्या उन्हाळ्यात काकांच्या मनात मात्र एकच गोष्ट होती. त्यांचा मुलगा अमेय आणि सून नेहा रेडमंडला राहतात. त्यांना मुलगी झाली होती. नात अजून काकांनी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिली होती. बारसं ईडन प्रेरीत करायचं ठरलं, ऑगस्टमधल्या एका रविवारी, आणि ते ठरल्या दिवसापासून काका तिला हातात घ्यायचा सराव करत होते. बासमतीची पिशवी टॉवेलात गुंडाळायची, डावा हात पिशवीच्या मानेखाली, उजवा खाली. मग हॉलमध्ये फेऱ्या.

"पिशवीला मान नसते हो," काकू म्हणाल्या.

"कल्पना करायची असते, शैला. अमेयच्या वेळी मी कंपनीत नाइट शिफ्ट करत होतो. सहा महिने त्याला धड उचलला नाही मी. या वेळी तसं व्हायचं नाही."

एवढं बोलून ते पुन्हा फेऱ्या मारू लागले. त्यांच्या तोंडून तत्त्वाशिवाय ऐकलेलं ते माझ्या आठवणीतलं पहिलं वाक्य.

बारशाच्या आधीचा सोमवार श्रावणातला होता. काकांकडे श्रावणी सोमवारी आसपासची पाच-सहा मराठी घरं पूजेला जमत. महादेव होता, अभिषेकाचं तांब्याचं पात्र होतं, नव्हता तो बेल. पुण्याहून आणलेली वाळकी पानं दरवर्षी धुऊन पुन्हा वाहिली जात. बेल शिळा होत नाही हे खरं, पण तोपर्यंत त्याचा चुरा झाला होता. आदल्या वर्षी महादेवाला चिमटीनं बेल वाहिला होता, मसाला घालतात तसा.

रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं तळ्याकाठच्या ट्रेलवर फिरायला गेलो. वाटेच्या कडेला, झाडांच्या सावलीत, गुडघाभर उंचीची हिरवीगार तुकतुकीत पानं पसरली होती. काका थांबले. चष्मा काढून वाकले.

"शैला, बघ. त्रिदल."

खरंच तीन-तीन पानांचे झुपके होते. काकांनी एक झुपका खुडून माझ्यासमोर धरला. "मधलं पान बघ. देठ लांब. बाजूच्या दोघांना आखूड. बेलाचं असंच असतं की नाही?"

असतं. मला ते पटलं.

"बेलाला वास असतो," काकू म्हणाल्या. "आणि काटे असतात. शिवाय बेलाचं झाड असतं, गवतासारखं पायात नसतं."

"थंड हवेत झाड खुजं होतं. काटे येत नाहीत. हा स्थानिक बेल आहे."

"इथे लोक कुत्री फिरवतात."

"म्हणून आपण आतल्या बाजूची घेऊ."

मी घाबरत विचारलं, "काका, फोटो काढून फोनवर बघू का कसलं झाड आहे ते?"

"बाळ, फोनला शास्त्र कळत नाही," काका म्हणाले आणि झुडपात शिरले. हाफ पँट, सँडल, खांद्याला कापडी पिशवी. पिशवी भरून बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की काकूसुद्धा गप्प बसल्या.

सोमवारी मंडळी जमली. काकांनी आजोबांच्या वेळचा रेशमी कद नेसला होता. ताम्हनात हिरवा ढीग बघून पराग, नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, म्हणाला, "काका, कडक यार. मिनेसोटात ताजा बेल. इंडियन ग्रोसरीत आला का?"

"निसर्गाकडे आला," काका म्हणाले. मग त्यांनी सगळ्यांना पान वाहायची पद्धत शिकवली. देठाचं टोक नखानं खुडायचं. पान पालथं ठेवायचं, देठ आपल्याकडे. सगळ्यांनी मन लावून टोकं खुडली. देठांतून चीक येत होता. कुलकर्णीकाकू फार भाविक. त्यांनी प्रत्येक पान आधी दोन्ही डोळ्यांना लावलं आणि मग वाहिलं. शैलाकाकू स्वयंपाकघरात साबुदाण्याच्या खिचडीपाशी होत्या. मी एकदाच पान वाहिलं आणि लगेच पूजेची भांडी घासायला घेतली, गार पाण्यात, डिश सोप लावून, कारण तूप आणि दूध वाळलं की निघत नाही.

मंगळवारी काकांच्या पोटऱ्यांवर लाल रेघा उठल्या. बुधवारी त्यांवर फोड आले. काकांचं निदान तयार होतं. "खिचडीत दाण्याचं कूट जास्त झालं. उष्णता."

"कूट तुमच्या पायावर सांडलं होतं का?" काकू म्हणाल्या. मग जवळ येऊन त्यांनी नीट पाहिलं. "अहो, हे बिब्बा उतल्यासारखं दिसतंय. आमच्याकडे बिब्ब्याचं तेल लागलं की असंच अंग फुलायचं."

"इथे बिब्बा कुठून येणार?"

"बेल आला तसा."

काकांनी ते ऐकलं नाही. त्यांनी उपचार सुरू केले. आधी खोबरेल कोमट करून सर्वांगाला चोळलं, पोटऱ्यांपासून मानेपर्यंत, अभ्यंग. मग कढत पाण्यानं आंघोळ, कारण उष्णतेला उष्णता मारते. मग हळदीचा लेप. गुरुवारी सकाळी ते जिन्यात दिसले तेव्हा मी क्षणभर ओळखलं नाही. हळदीनं पिवळे झाले होते आणि मानेपर्यंत फोड होते. दोन्ही हात अंगापासून लांब धरून चालत होते.

दरम्यान फोन येत होते. परागच्या मनगटावर आणि गालावर चट्टे. काकांनी त्याला डिटर्जंट बदलायला सांगितलं. दुसऱ्या एका घरी वांगी बंद करायला सांगितली. कुलकर्णीकाकूंच्या पापण्या इतक्या सुजल्या की त्यांना डॉक्टरकडे न्यावं लागलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, बागकाम केलंत का? त्या म्हणाल्या, मी कुंडीतल्या तुळशीशिवाय कशाला हात लावत नाही. मग त्यांनी काकांना फोन करून विचारलं की तुळस बाधते का. काका म्हणाले, जुनी झाली असेल तर बाधते.

गुरुवारी संध्याकाळी अमेयचा व्हिडिओ कॉल आला. नेहा बाळाला घेऊन बसली होती. ती टेक्ससमध्ये, प्लेनोत वाढलेली. मराठी बोलते, पण घाईत असली की इंग्रजीत जाते. काका पडद्यावर आले आणि तिनं बाळाला एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"बाबा, दॅट्स पॉइझन आयव्ही."

"नाही गं, उष्णता आहे."

"बाबा, मी तीन समर कॅम्प काउन्सेलर होते. आय नो पॉइझन आयव्ही. तीन पानं असतात, शायनी. मधल्याचा देठ लांब. कुठे हात लावलात?"

काकू उठल्या, देवघरातून ताम्हन आणलं, त्यात उरलेली दोन पानं होती, आणि ते हाताला रुमाल गुंडाळून फोनसमोर धरलं.

नेहानं डोळे मिटले. अमेय तिच्या मागे उभा होता, तो पडद्याबाहेर गेला. बाहेरून त्याच्या हसण्याचा आवाज येत होता. नेहा हसली नाही.

"बाबा, ऐका. रॅश एकाचा दुसऱ्याला लागत नाही. फोडातलं पाणी पण काही करत नाही. पानाचं तेल लागतं. ते कपड्यांवर, बॅगवर, शूजवर कितीतरी महिने राहतं. तुम्ही वर काय लावलंत?"

"खोबरेल. आणि कढत पाण्यानं..."

"ऑइल चोळलंत? म्हणजे सगळीकडे पसरवलंत ना. आता गार पाण्याच्या घड्या, कॅलमाइन, ओटमील घालून कोमट आंघोळ. खाजवायचं नाही. आणि इतकं मानेपर्यंत आलंय तर उद्या डॉक्टर. पण कपडे, पिशवी, सँडल, चष्मा, कारचं स्टिअरिंग, सगळं धुवायला हवं. उरलेली पानं डबल बॅग करून ट्रॅशमध्ये. जाळू नका, धूर लंग्जमध्ये जातो."

काकांची नजर डेकवरच्या ग्रिलकडे गेली आणि परत आली.

"आणि पूजेला कोण कोण होतं?" नेहानं विचारलं.

"सगळेच," काकू म्हणाल्या.

"तेच लोक रविवारी बारशाला येणार? तेच शालू, तेच कुर्ते, त्याच पर्सेस? आणि सगळे बेबीला उचलणार?" तिचा आवाज चढला नाही. "बाबा, प्रत्येकाला फोन करून सांगा काय होतं ते आणि काय काय धुवायचं. कोणाला माहीतच नसेल तर मी तिला नाही आणणार. आपण कॅन्सल करू."

फोन बंद झाला. काका बराच वेळ सोफ्याच्या कडेवर बसून राहिले. टेकता येत नव्हतं.

"शैला, तू सांगशील का सगळ्यांना? बायकांचं बायकांत बरं असतं."

"पानं तुम्ही आणलीत. फोनही तुम्हीच करा."

"लोक काय म्हणतील? मी महादेवाला विषारी वेल वाहिली म्हणतील."

"महादेवाला विषाची सवय आहे. कुलकर्णीबाईंना नाही."

शुक्रवारी सकाळी डॉक्टरकडे जाऊन आल्यावर काकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फोन सुरू केले. मी तिथेच सिंकपाशी रबरी मोजे घालून त्यांच्या सँडल धूत होते. पहिला फोन फार लांबला. काकांनी वनस्पतींच्या स्थलांतरापासून सुरुवात केली, दोन खंडांतल्या झाडांमधलं साम्य समजावलं, "एक सूक्ष्म वानसशास्त्रीय गोंधळ" असा शब्द वापरला, आणि शेवटी सांगितलं की सध्या हवेत काहीतरी आहे, तेव्हा सोमवारचे कपडे धुतलेले बरे. फोन ठेवून त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"त्यांना काय कळलं?" काकूंनी विचारलं.

"कपडे धुवायचे ते कळलं."

"आणि पर्स? घड्याळ? ते हवा समजून खिडक्या लावून बसतील. परत करा."

त्यांनी परत केला. या वेळी पॉइझन आयव्ही हा शब्द आला, पण "असं काही लोक म्हणतात" हे जोडून. पुढच्या घरी "असं काही लोक म्हणतात" गळून पडलं. पराग तर त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच ओरडला असावा, कारण काका फोन कानापासून दूर धरून म्हणाले, "हो रे. हो. मीच तोडली. हो, पिशवी भरून. लॅपटॉपची बॅग पण पूस. डिटर्जंट जुनाच वापर, त्यात काही नव्हतं." पलीकडून परागचं हसणं मलाही ऐकू आलं. काका लाल झाले होते, पण ते आधीपासूनच होते.

कुलकर्णीकाकूंचा नंबर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. उठून पाणी प्यायले. चष्मा पुसला, तो मी नुकताच धुतला होता. मग फोन लावला.

"वहिनी, मधुकर बोलतोय. डोळे कसे आहेत?" बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. मग म्हणाले, "तुळशीचा काही दोष नाही. मी दिलेली पानं बेलाची नव्हती. माझं चुकलं." पुन्हा थांबले. "नाही, कुणी शिकवलं नव्हतं. मलाच वाटलं मला कळतं."

शैलाकाकूंनी गॅस बंद केला. मला वाटतं त्यांनी हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं असावं. कपाटातून ओट्सचा डबा काढून मिक्सरमध्ये घातला आणि बारीक करायला लावला. मिक्सरच्या आवाजात काकांचा पुढचा फोन ऐकू आला नाही. पुढचा फोन नव्हताच म्हणा, त्यांनी नुसता कानाला धरला होता.

दुपारी आजोबांचा रेशमी कद वॉशिंग मशीनमध्ये गेला. त्यावर चिकाचे काळे डाग पडले होते. मी विचारलं, "काका, रेशीम आहे, हातानं धुऊ का?" ते म्हणाले, "हात लावू नकोस. मशीनलाच लावू दे." तो बाहेर आला तेव्हा टॉवेलएवढा झाला होता. काकांनी तो दोन बोटांत धरून पाहिला आणि घडी घातली. त्यात काय तत्त्व होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

अमेय आणि नेहा शनिवारी आले. नेहानं दारातच काकांना आपादमस्तक पाहिलं, कपडे कुठले, धुतले का, नखं कापली का, सगळं विचारलं. काका शाळेतल्या मुलासारखे उत्तरं देत होते. मग ती म्हणाली, "ओके बाबा, उद्या." काका म्हणाले, "उद्या चालेल." बासमतीची पिशवी काकूंनी तेवढ्यात लपवली.

बारशाला सगळी घरं आली. पराग धुतलेला कुर्ता घालून आला आणि दारातच म्हणाला, "काका, पाळण्याला तोरण कसलं लावलंय ते आधी सांगा." कुलकर्णीकाकू काळा चष्मा लावून आल्या होत्या. त्या काकांसमोर थांबल्या, चष्मा काढला. पापण्या अजून जाड होत्या. "मधुभाऊजी, पुढच्या सोमवारी मी घरून फुलं आणीन," एवढंच म्हणाल्या. काका म्हणाले, "आणा."

पण काका ते काकाच. जेवणं झाल्यावर चार माणसं कोपऱ्यात भेटली तर त्यांना ते पॉइझन आयव्हीबद्दल सांगत होते. पान लागलं की लगेच गार पाणी आणि डिश सोप, ट्रेलवर लांब पँट आणि बूट, कुत्र्याच्या केसांवरूनसुद्धा तेल येतं. सगळं बरोबर सांगत होते. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस जन्मभर हेच शिकवत आलाय. नेहा जवळून जाताना थांबली, क्षणभर ऐकलं आणि म्हणाली, "करेक्ट, बाबा." ते इतके खूश झाले की पुढचं विसरले.

माझी सेमिस्टर सुरू होणार होती आणि मी कॅम्पसजवळ खोली घेतली होती. त्याच संध्याकाळी मैत्रीण गाडी घेऊन येणार होती. बॅग घेऊन मी वर आले तेव्हा मंडळी गेली होती. काका हॉलमधल्या खुर्चीत बसले होते, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. नात त्यांच्या डाव्या हातावर झोपली होती, मान नीट धरलेली. मी हळूच म्हणाले, "काका, निघते." त्यांनी फक्त डोळ्यांनी होकार दिला.

त्यांना खाज येत होती. आधी मानेवर, मग बहुतेक पोटरीवर, कारण एक पाऊल दुसऱ्यावर चढलं आणि परत खाली गेलं. कपाळावर घाम होता. काकू आल्या, बघितलं आणि कुजबुजल्या, "द्या इकडे. आत जाऊन जरा कॅलमाइन लावून या."

काकांनी मान हलवली. नाही.

काकू आत गेल्या आणि गार पाण्यात पिळलेला पंचा घेऊन आल्या. त्याची घडी करून त्यांनी ती काकांच्या मानेवर ठेवली आणि हातानं दाबून धरली. काकांनी डोळे मिटले. मग उघडले, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी समजावून सांगायला तोंड उघडलं. बाळ हललं. काकांनी तोंड मिटलं.